काटकसर कोणाच्या ताटातून?

(नाचणगाव, जि. वर्धा येथील सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाईच्या काळात बाजारात एकच गोष्ट मुबलक आणि फुकट मिळते, ती म्हणजे गृहिणीला दिला जाणारा काटकसरीचा उपदेश. तेल बेताने वापरावे, डाळ महागली तर भाजीवर भागवावे, भाजी महागली तर चटणीवर भागवावे, यादी केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, सणवार साधेपणाने करावेत. यांतले एकही वाक्य चुकीचे नाही. चूक आहे ती उपदेश करणाऱ्याच्या गृहीतात. प्रत्येक घरात काही ना काही उधळपट्टी चाललेली असते आणि ती थांबली की महागाईचा चटका आपोआप सौम्य होतो, असे तो धरून चालतो. नाचणगावच्या शेतमजुराच्या घरी या गृहीताला कितपत आधार आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या दप्तरात त्याची गणना नगरांत होते. आणि खरोखरच हे गाव धड शेतीचे राहिलेले नाही, धड शहराचे झालेले नाही. एकाच किराणा दुकानासमोर येथे तीन तऱ्हेची माणसे उभी राहतात. पहिला, पुलगावच्या दारूगोळा भांडारातला कायम नोकर. तो केंद्र सरकारचा कर्मचारी असल्यामुळे ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, त्याचा महागाई भत्ता ठरतो. भाववाढीच्या मागून का होईना, त्याचे वेतन चालत राहते. दुसरा, कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी. तो माल विकायला काढतो तेव्हा भाव पडलेला असतो आणि तीच वस्तू विकत घ्यायला जातो तेव्हा चढलेला असतो. तिसरा, शेतमजूर. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती, ती २०२५-२६ साठी ३१२ रुपये झाली. वाढ पंधरा रुपयांची, म्हणजे पाच टक्क्यांची. आणि तीही काम निघाले तर. पुलगावची कापडगिरणी चालू होती तेव्हा जी घरे पहिल्या रांगेच्या जवळपास होती, ती गिरणी बंद पडल्यावर तिसऱ्या रांगेत येऊन उभी राहिली. बाजार एक, दुकान एक, किलोचा भाव एक. उत्पन्नाचे नियम मात्र तीन. हा भेद ध्यानात न घेता दिलेला काटकसरीचा सल्ला पहिल्याला उपयोगी, दुसऱ्याला अपुरा आणि तिसऱ्याला जवळजवळ क्रूर ठरतो.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. (मार्क्सचा मित्र एंगेल्स तो निराळा.) कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, असा हा साधा नियम आहे. पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्याला बाध आलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातले ४७ टक्के अन्नावर जात होते. शहरी भागात माणशी खर्च ६,९९६ रुपये, अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या किंचित खाली. ही झाली सरासरी. सरासरीच्या खाली असलेल्या घरात अन्नाचा वाटा याहून मोठा असणार हे उघड आहे. ग्रामीण खर्चात धान्याचा वाटा मात्र अवघा पाच टक्क्यांच्या आसपास होता. रेशनच्या धान्याची ही करणी आहे. म्हणजे महागाई आज गहू-तांदळात बसलेली नाही. ती तेलात, डाळीत, दुधात, भाजीपाल्यात आणि इंधनात बसलेली आहे. नेमक्या या वस्तू शिधावाटपाच्या कायद्यात नाहीत.

आता या घराने खर्च कमी करायचा तर कुठे करायचा? कर्जाचा हप्ता ठरलेल्या दिवशी द्यावाच लागतो. सूक्ष्म वित्त कंपन्यांचे हप्ते किती असावेत याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून घालून दिली, ती कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत. मर्यादेचेच हे मान असेल, तर उरलेल्या निम्म्यात काय काय बसवायचे ते त्या घराने पाहावे! मुलाच्या शाळेचा, बसचा खर्च टाळता येत नाही. औषध टाळले तर ते पुढे दुप्पट होऊन परत येते. खासगी दूरध्वनी कंपन्यांनी जुलै २०२४ मध्ये दर वाढवले तेव्हा तेही मुकाट्याने भरावे लागले. कारण कामावर बोलावणे येते ते फोनवर, आणि अनुदान जमा झाल्याचा संदेशही फोनवरच येतो. सारांश, जे देणे बाहेरचा माणूस दारात येऊन मागतो ते कमी होत नाही. जे मागायला कोणी दारात येत नाही तेच कमी होते. पोट दारात येऊन मागत नाही.

त्यातही पोटांची उतरंड असते. कमावत्याचे ताट आधी, मुलांचे त्यानंतर, वाढणारीचे सर्वांत शेवटी. तेल अर्ध्यावर आले तर भाजी सर्वांचीच कोरडी होते. पण डाळ पातळ झाली तर तळाशी राहिलेले पाणी कोणाच्या वाटीत पडते, हे कोणत्याही सरकारी पाहणीवाचून नाचणगावच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाहणीही काही निराळे सांगत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पुढच्या, २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्क्यांवर गेले. रक्तक्षयाला कारणे अनेक असतात आणि सगळा दोष महागाईच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, त्या राज्यात स्त्रियांनाच आणखी काटकसर शिकवायला निघणे हे धाडसाचेच काम म्हटले पाहिजे. काटकसर आणि पोट मारणे या दोन गोष्टींत भेद आहे. पहिलीत नको ते टाळले जाते, दुसरीत हवे ते. जमाखर्चाच्या वहीत मात्र दोन्ही ‘शिल्लक’ म्हणूनच उमटतात.

स्वस्ताईचा आग्रह शरीराशी कसा हिशेब मांडतो याचे विदर्भाला माहीत असलेले उदाहरण म्हणजे लाखोळीची डाळ. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक उभे राहते, म्हणून टंचाईत तीच सर्वांत स्वस्त. थोडी खाल्ली तर बाधत नाही. पण दुसरे काहीच परवडत नाही म्हणून महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की काहींचे पाय कायमचे लुळे पडतात. १९६१ साली केंद्राच्या नियमांनी तिच्या विक्रीला बंदी घातली. येथे दोष डाळीचा किती आणि तिच्यावाचून दुसरा पर्याय न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा किती, हा प्रश्न बंदीने सुटला नाही.

काटकसरीची किंमत आणखी एका नाण्यात मोजली जाते, ते म्हणजे बाईचा वेळ. विकतचे तिखट बंद झाले की घरी कांडावे लागते. सिलिंडर परवडेनासे झाले की पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावरून आणावा लागतो आणि चुलीशी धूर खात बसावे लागते. मार्च २०२३ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची दिल्लीतली किंमत १,१०३ रुपयांपर्यंत चढली होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपयांनी ती उतरवण्यात आली. मधल्या काळात ज्या घरांनी शेगडी कोपऱ्यात ठेवून पुन्हा चूल पेटवली, त्यांनी पैसे वाचवले असे कागदावर दिसेल. सरपणासाठी झालेली पायपीट त्या कागदावर नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करत होत्या, पुरुष ८८ मिनिटे. भाव चढले की ही २८९ मिनिटे वाढतात. ८८ वाढल्याचे कोणी ऐकलेले नाही.

असे असले तरी घरात कमी करण्याजोगे काहीच नसते, असा दावा करणे हा दुसऱ्या टोकाचा खोटेपणा होईल. कमी करण्याजोगे पुष्कळ असते, पण ते स्वयंपाकघराच्या बाहेर असते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे आणि दारू कुठे मिळते हे शाळकरी पोरही सांगू शकते. खर्रा तर विदर्भाचा जणू जन्मसिद्ध हक्क झालेला! दिवसाला चाळीस रुपये खर्‍यात गेले तर महिन्याला बाराशे होतात. वर दिलेल्या ग्रामीण माणशी सरासरीच्या ते चौथ्या हिश्श्याहून अधिक आहेत. महागाईवर घरात बोलणे निघते तेव्हा साखरेचा चमचा मोजला जातो, खर्‍याची पुडी मोजली जात नाही. लग्नाचेही तेच. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला मटण-दारूचे जेवण न घालता गोडाचे साधे जेवण घातले आणि जातीच्या रूढीला पहिला धक्का आपल्याच अंगणात दिला. कर्ज काढून पंगती घालू नका, हे सांगत ते पुढे आयुष्यभर गावोगाव फिरले. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटाशिवाय आणि बडेजावाशिवाय लग्ने लावायला आरंभ केला. या दोघांच्या काटकसरीत एक समान सूत्र आहे. त्यांनी बाईच्या ताटाला हात लावला नाही. प्रतिष्ठेच्या खर्चाला लावला. आणि प्रतिष्ठेचा खर्च एकट्या घराला कमी करता येत नाही, कारण शेजारी काय म्हणतील या धाकानेच तो होत असतो. सगळ्या वस्तीने एकदम ठरवले तरच तो कमी होतो.

काटकसरीचा विचार वर्ध्यात करायचा आणि मगनवाडीचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत मगनवाडीत त्याचे काम चालू झाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल, हिरवा पाला यांवर तेथे जो भर होता त्याला आज पुष्कळजण निव्वळ विरक्तीचे सोवळे समजतात. वस्तुतः तो एका रोकड्या प्रश्नाचा शोध होता: अगदी कमी पैशांत पुरेसे पोषण कसे मिळेल, आणि तो पैसा गावातच कसा राहील? कमी खाण्याचा तो कार्यक्रम नव्हता. १९३५ साली गांधीजींनी मगनवाडीत सोयाबीन आहारात घेण्याचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिले, गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत हा हेतू. काळाची गंमत अशी की आज त्याच वर्धा जिल्ह्यात शिवारेच्या शिवारे सोयाबीनने भरलेली असतात, पण ते सोयाबीन गरिबाच्या वाटीत येत नाही. ते तेलगिरणीत जाते, आणि त्याचे तेल पिशवीत बंद होऊन महाग भावाने परत येते.

येथे नाचणगावच्या महागाईचा खरा गाभा हाती लागतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाली होती आणि बाजारात शेतकऱ्याच्या पदरात त्याहून कमी पडत होते. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे प्रत्यक्ष आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. उत्पादकाला भाव मिळावा म्हणून हे केल्याचे सांगण्यात आले. तेल महागले, सोयाबीनचा भाव मात्र आधारभूत किमतीच्या खालीच रेंगाळत राहिला. मे २०२५ मध्ये हे शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली तेव्हा त्याची झळ थेट येथल्या कढईला लागली होती, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. ज्या फोडणीचा भाव जकार्ता आणि दिल्लीत ठरतो, ती फोडणी चमच्याने मोजून महागाई किती आवरणार?

तुरीची कथा याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. शेतकऱ्याने तो भाव पाहून तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि २०१७ च्या आरंभी तीच तूर ५,०५० रुपये क्विंटल या आधारभूत किमतीच्याही खाली विकली जाऊ लागली. सरकारी खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदाना संपला म्हणून खरेदी थांबली. गोणपाट नाही म्हणून शेतकऱ्याचा माल उन्हात पडून राहावा, ही नियोजनाची गोष्ट समाजवादी म्हणवणाऱ्यांनीही विसरू नये. पूर्वी या भागातले घर वर्षाची तूर ठेवून घेई, जात्यावर भरडून डाळ करी. जवस, तीळ घाणीवर देऊन तेल आणि ढेप घरी आणी. आता हंगामाच्या सुरुवातीला काढलेले कर्ज मळणीच्या दिवशीच फेडायचे असते, म्हणून सगळी रास खळ्यातूनच बाजारात जाते. काटकसर करायची इच्छा असलेल्या घराला काटकसरीची ही सर्वांत मोठी संधी कर्जामुळे गमवावी लागते.

स्वयंपाकघरातला हा हिशेब महाराष्ट्राच्या स्त्रियांनी एकदा रस्त्यावर मांडून दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळाने धान्य तुटले होते, १९७३ च्या अखेरीस जगभर खनिज तेलाचे भाव भडकले, आणि देशातील घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी व १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. सरकारने एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला आणि वर्षभरात सोडून दिला. या धामधुमीत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर अशा एरवी एकमेकींच्या पक्षांवर टीका करणाऱ्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या, साठेबाजांना जाब विचारला गेला. तेल, साखर, रॉकेल या रोजच्या वस्तूंचा हिशेब त्यांनी मंत्र्यांपुढे ठेवला. लाटणे हे प्रतीक म्हणून कोणा चतुराने शोधून काढलेले नव्हते. घरातून निघताना हाताशी असलेली ती वस्तू होती. त्याच सुमारास गुजरातमध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या खाणावळीचे बिल वाढले, त्यावरून ठिणगी पडली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. खाणावळीचे बिल हासुद्धा घरखर्चच की!

या चळवळीचे मोल मोठे आहे, पण तिची उणीव सांगितल्याशिवाय ते पुरते कळणार नाही. ती मुख्यतः शहरातील ग्राहकाची चळवळ होती. धान्य स्वस्त द्या, ही तिची मागणी. ते पिकवणाऱ्याला काय मिळावे, याचे उत्तर तिच्यापाशी अर्धेच होते. पुढे काही वर्षांतच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रास्त भावाचा प्रश्न उभा केला, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचा प्रचंड मेळावा भरला, आणि ग्राहक बाई व शेतकरी बाई जणू दोन निराळ्या पक्षांत असल्यासारखा वाद महाराष्ट्रात रंगला. नाचणगावात ही फाळणी टिकत नाही. तूर विकणारी आणि तूरडाळ घेणारी येथे एकच बाई असते. तिला स्वस्त डाळही हवी असते आणि तुरीला भावही हवा असतो. या दोन मागण्यांत विरोध नाही, कारण खळे आणि दुकान यांच्यामधली जी वाढ आहे ती दोघींच्याही हाती लागत नाही.

शिध्याच्या बाबतीतही असाच जागरूकपणा हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळाले, जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. पाच माणसांच्या कष्टकरी घराला २५ किलो महिनाभर पुरत नाहीत, पण केवढा आधार होतो ते वर आलेल्या पाच टक्क्यांच्या आकड्यावरून दिसते. वर्धा धरून राज्यातल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांचा गहू आणि तीन रुपयांचा तांदूळ मिळू लागला होता. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत देण्याचे ठरले, २०२४ मध्ये ते १७० झाले. धान्य आणि रोकड यांत सोय कशात अधिक, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु पाच किलो हे भाव कितीही चढला तरी पाच किलोच राहतात. १७० रुपयांचे तसे नाही. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला जाहीर झालेल्या दीड हजारालाही हाच न्याय लागतो. ज्या रकमेला निर्देशांक जोडलेला नाही, तिला महागाई बाजारातून घरी येईपर्यंत कुरतडत असते. दारूगोळा भांडारातल्या नोकराला ही गोष्ट पक्की ठाऊक आहे, म्हणून तो भत्त्यासाठी भांडतो. शेतमजुराच्या बाईलाही महागाई भत्ता असावा, ही मागणी कोणाला हास्यास्पद वाटत असेल तर त्याने दोघांच्या किराण्याच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि शासन देईल तोवर वस्तीने हात बांधून बसावे असेही नाही. याच जिल्ह्यात त्याचा एक दाखला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आसपासच्या खेड्यांत आरोग्यविम्याची एक योजना चालवली. वर्गणी रोख नव्हे, ज्वारीत. आणि ती सुगीच्या वेळी, म्हणजे घरात दाणे असतात तेव्हा. ज्याची जमीन अधिक त्याची ज्वारी अधिक, भूमिहीनाची कमी. आजारपणात मिळणारी सेवा मात्र सर्वांना सारखी. दोन-चार घरांनी विमा उतरवून भागत नसे, गावातली बहुसंख्य घरे आली तरच योजना लागू होई. अचानक आलेल्या दुखण्यासाठी रुग्णालयातला उपचार विनामूल्य, आणि आधी माहीत असलेल्या गोष्टींसाठी खर्चाचा थोडा वाटा. घर बुडवणारा खर्च बहुधा आजारपणाचाच असतो, आणि कोणतीही गृहिणी चमचे मोजून तो कमी करू शकत नाही. तो ज्वारीच्या पायलीने कमी झाला, कारण पायल्या सगळ्या गावाच्या होत्या. वर्षाची तूरडाळ पंचवीस-तीस घरांनी मिळून हंगामात शेतकऱ्याकडून थेट घेणे, मिरची-हळद एकत्र कांडून आणणे, लग्नाच्या पंगतीची मर्यादा बचतगटात ठरवून ती सर्वांनी पाळणे, ही याच जातीची कामे आहेत. नाचणगावात बचतगट आहेत. त्यांची बैठक आज मुख्यतः हप्ते गोळा करण्यात संपत असेल, तर तिच्यात आणखी एक वही उघडायला हरकत नसावी.

त्या वहीत तीन रकाने पुरेत. महिन्यात कशाचा भाव वाढला. त्यामुळे घरात काय कमी केले. आणि ते कोणाचे कमी झाले. पहिला रकाना ग्रामसभेत वाचता येईल आणि रेशन दुकानाच्या दक्षता समितीपुढेही नेता येईल. अन्नसुरक्षा कायद्यात या समित्यांची आणि सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे, तिचा उपयोग करणे एवढेच बाकी आहे. दुसऱ्या रकान्यात तेल, दूध, औषध लिहिताना खर्‍याची पुडीही लिहिली जावी. तिसरा रकाना घरातल्या पुरुषाने स्वतःच्या हाताने भरावा, आणि भरण्यापूर्वी महिनाभर सर्वांत शेवटी जेवायला बसावे.